वरच्या दोन पायऱ्या

हाताने वाळू उकरून पाणी काढता येतं, यावर माझा विश्वास नव्हता. एप्रिल संपत आला होता. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यातला एक कोरडा नाला, आणि त्यात मी गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत हात घातलेला. वर एका धोंड्यावर नाना बिडी ओढत बसले होते.

"आखो खण," ते म्हणाले.

"नाना, इथं दगड लागला."

"मंग दगडना बाजूले खण. दगड काय तुना सासरा शे, त्याले भ्यास?"

मी बाजूला खणलं. आधी वाळू गार लागली, मग ओली, मग बोटांच्या फटीतून काहीतरी सरकलं. खड्ड्याच्या तळाशी चहाच्या रंगाचं पाणी गोळा व्हायला लागलं. मी ओरडलोच. नाना हसले नाहीत. तीनदा ते पाणी उपसून फेकायला लावलं, मग पळसाच्या पानाचा द्रोण करून दिला आणि म्हणाले, "आते थांब. एक बिडी व्हईपावत थांब." बिडी संपली तेव्हा पाणी निवळलं होतं. असं गोड पाणी मी त्याआधी प्यालो नव्हतो, नंतरही नाही. कदाचित ते पाणी तसं साधंच असेल, पण ते मी काढलं होतं.

मी केळीवाल्या घरातला. आमचं गाव तापीच्या खोऱ्यात, जळगावच्या पूर्वेला, मुक्ताईनगरहून फार लांब नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे मोटारीचं बटण. बटण दाबलं की पाट भरून वाहायचा. बागेत बाराही महिने चिखल, सावली, ओलावा. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी मच्छरदाणीशिवाय झोपलो नव्हतो आणि अनवाणी चाललो असेन तर फक्त देवळात.

नाना आमच्या बागेत घड कापायला यायचे. ते डोंगरातल्या पाड्यावरचे, पावरा आदिवासी. घरी पावरी बोलायचे, पण आमच्याशी आणि बाजारात अहिराणी. तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतील. घड उतरवणारी बाकीची माणसं धापा टाकायची, नाना मात्र चाळीस किलोचा घड खांद्यावर घेऊन गाणं म्हणत चालायचे. मी बांधावर पुस्तक घेऊन बसलेला दिसलो की थांबून म्हणायचे, "तू केळीनं पान शे रे पोऱ्या. वारा लागना का फाटस."

हे त्यांनी चारचौघांत इतक्या वेळा म्हटलं की कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी मी जाऊन म्हटलं, "नाना, मला पाड्यावर न्या. दहा दिवस. जसं तुम्ही राहता तसं राहीन."

वडिलांना वाटलं मी तिसऱ्या दिवशी परत येईन. "जाय बाप्पा," ते म्हणाले, "पण आईले रडत चिठ्ठी लिहू नको."

साल ऐंशीच्या दशकाच्या मधलं. एसटीने चोपडा, तिथून शिरपूर, पुढे एका ट्रकमध्ये आणि मग चार तास पायी. पिशवीत आईने दिलेल्या दशम्या, लसणाची चटणी, एक चादर. ती चादर मी आमच्याकडच्या पद्धतीने सोपटाने बांधली होती. सोपट म्हणजे केळीच्या खांबाची वाळलेली वरची साल. ती भिजवली की मऊ होते आणि दोरीसारखी वापरतात. आमच्याकडे घडाला आधाराचा बांबू बांधायचा तर सोपट, भाजीची जुडी बांधायची तर सोपट. सुतळी विकत आणणाऱ्याला माझे काका हसायचे. ती सोपटाची गुंडाळी पुढे फार महत्त्वाची आहे, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

पाड्यावर पोचल्या पोचल्या नानांनी माझ्या खिशातली काडेपेटी काढून घेतली आणि बायकोला दिली. पाड्यावर सगळे तिला अक्का म्हणायचे. अक्काने ती पदरात बांधली आणि मला म्हणाली, "आते तुनी चहा तूच पेटाड."

चकमकीचा दगड, लोखंडाचा तुकडा आणि राखेत मळलेला शेवरीचा कापूस. पहिल्या दिवशी माझ्या अंगठ्याची सालं निघाली आणि चहा झाला नाही. दुसऱ्या दिवशी ठिणगी पडली, धूर आला, विझला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कापूस लाल झाला, मी त्यावर वाळकं गवत ठेवून फुंकर घातली आणि भक्कन जाळ उठला. भुवया थोड्या जळाल्या. अक्का पोट धरून हसली. मी नाचत होतो. पाड्यावरची सगळी माणसं बघत होती आणि मला लाज वाटत नव्हती. घरी मी इतका मुखदुर्बळ की पाहुणे आले की माडीवर जाऊन बसायचो.

रोज काहीतरी नवीन. वानरं कुठल्या सुरात ओरडली की बिबट्या आणि कुठल्या सुरात नुसती भांडणं. टेंभुर्णी कुठली खायची आणि कुठली दोन दिवस ठेवायची. बांबूच्या पेरात तांदूळ आणि पाणी घालून निखाऱ्यात कसे ठेवायचे, आणि बांबू ओला का लागतो. एकदा सकाळी मोहाखाली आम्हाला अस्वल भेटलं. शेवटची फुलं खात बसलेलं, पंचवीस-तीस पावलांवर. नानांनी माझा दंड धरला आणि अगदी शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "खाय भाऊ, खाय. आम्ही जाई ऱ्हायनूत. हाऊ पोऱ्या नवा शे, त्याले वास मारस, तू मनावर लेऊ नको." आणि आम्ही तोंड तिकडेच ठेवून मागे मागे आलो. अस्वलाने मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली. पाड्यावर येऊन मी ती हकिगत पाच वेळा सांगितली. पाचव्या वेळी अस्वल दहा पावलांवर आलं होतं.

मी असा होतो तेव्हा. दर दिवशी थोडा अधिक शहाणा आणि दर दिवशी थोडा अधिक फुशारलेला.

सातव्या दिवशी नानांनी मला झाड दाखवलं. पाड्यापासून तासाभराच्या अंतरावर, नाल्याच्या काठावरचं जुनं अंजनाचं झाड. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर ढोली, आणि ढोलीत सातेरी माश्यांचं मोहोळ. सातेरी म्हणजे तशी गरीब माशी, दिवसाढवळ्या थोडा धूर दिला की बाजूला होते. मध अर्धा काढायचा, अर्धा तिच्यासाठी ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी ती तिथेच असते. ते मोहोळ नानांनी तीन वर्षं राखलं होतं.

खोड सरळ आणि जाड, कवेत मावणारं नाही. म्हणून शिडी करायची. दोन बांबू आणि नऊ पायऱ्या.

आणि पायऱ्या बांधायला पळसाच्या मुळीचा वाक. वाक म्हणजे मुळीच्या सालीतला धागा. त्यासाठी आधी टणक जमिनीतून मुळी खणायची, मग दगडावर ठेचायची, साल सोलायची, मांडीवर वळायची. सकाळभर मी खणत होतो आणि ठेचत होतो. तळहाताला फोड आले. पण जेव्हा बांधायची वेळ आली तेव्हा नानांनी मला हात लावू दिला नाही.

"मला येते गाठ, नाना. तुम्हीच शिकवली."

"येस. चांगली येस." ते मान वर न करता म्हणाले. "पन ज्याले चढानं शे, त्यानीच बांधानं. दुसराना गाठवर आमनामा कोनी चढस नही. मना बाप बी नही चढे, मना भाऊ बी नही चढस."

ही त्यांची रीत होती. शिडी असो, दोर असो, मचाण असो, ज्याचा जीव त्यावर टांगणार त्यानेच ती प्रत्येक गाठ मारायची. म्हणजे काही झालं तर दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही, आणि दोन घरांत वैर येत नाही. पाड्यावर नानांच्या गाठीचं नाव होतं. दुसऱ्या पाड्यांवरून लोक पोरांना त्यांच्याकडे गाठी शिकायला पाठवायचे.

नऊ पायऱ्या त्यांनी बांधल्या, एकेक गाठ ओढून बघितली आणि शिडी झाडाला टेकवली.

"आता चढायचं?" मी विचारलं.

"आज नही. सकाय. वाक वाळी जाऊ दे. वल्ला वाक सरकस."

दुपारी ते पाड्यावर गेले, भावाला निरोप द्यायला. धूर धरायला उद्या तो येणार होता. मी झाडाखाली शिडी राखत बसलो.

आता सांगतो. हे मी एवढी वर्षं माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी चढलो. चोरी नाही, खोडी नाही, मला फक्त ढोलीत डोकावायचं होतं. माश्यांचा आवाज वरून येत होता, मधाचा वास येत होता आणि माझ्या अंगात सात दिवसांचा कैफ होता. आठव्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा ओला वाक सरकला. पायरी एका बाजूने खाली आली. मी नवव्या पायरीला धरलं, तीही हलली. कसाबसा उतरलो. मग घाबरून पायऱ्या नीट करायला पुन्हा चढलो, बळ लावून गाठ वर ढकलली आणि वाक तटकन तुटला. दोन्ही पायऱ्यांचा.

नवा वाक काढायचा म्हणजे पुन्हा खणणं, ठेचणं, वळणं, तीन तास. नाना त्याआधी आले असते. किंवा नाना आल्यावर सांगायचं, की मी चढलो आणि तुटलं. ते फार तर म्हणाले असते, केळीनं पान. मला आठवडाभरानंतर तो शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता. एवढंच होतं ते.

पिशवीत चादरीला बांधलेलं सोपट माझ्याजवळच होतं. मी ते वाळूत उकरलेल्या झिऱ्याच्या पाण्यात भिजवलं, नानांच्याच पद्धतीची गाठ त्या दोन पायऱ्यांना मारली, वर माती चोळून रंग सारखा केला. लोंबकळून बघितलं. पक्की होती. खरं सांगायचं तर मला अभिमानच वाटला. आमचं सोपट चाळीस किलोचा घड वादळात धरून ठेवतं, ते माणसाला नाही धरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच लवकर निघालो. भाऊ मागून येणार होता, पण नानांना धीर निघेना. म्हणाले, धूर तूच धर. मी फुललो. ओल्या गवताची पेंडी पेटवून मी धूर केला, बांबूला बांधून ढोलीपर्यंत नेला. नाना कमरेला द्रोणांची चळत खोचून चढायला लागले. प्रत्येक पायरी हाताने ओढून बघत, मग पाय. सहावी, सातवी. आठवी ओढून बघितली, तिने हाताचा जोर सहन केला. माश्या बाहेर येऊन त्यांच्या डोक्याभोवती फिरत होत्या आणि ते त्यांना म्हणत होते, "सरा बाई, सरा, आरधं तुमनंच शे."

मी वर तोंड करून बघत होतो. सांगू की नको, असा विचार माझ्या मनात आला का? आला. मी तो धुराबरोबर सोडून दिला.

आठव्या पायरीवर त्यांनी पूर्ण भार टाकला, हात नवव्या पायरीवर. दोन्ही एकदम सुटल्या. आवाजसुद्धा झाला नाही. नाना पाठीवर न पडता पायावर पडले, नाल्याच्या धोंड्यांवर. मग काडी मोडल्यासारखा आवाज आला.

ते ओरडले नाहीत. डोळे मिटून पडले होते. उजवा पाय नडगीच्या मध्यावर भलत्याच दिशेला वळलेला. थोड्या वेळाने विचारलं, "काय सुटनं?"

मी वर बघितलं. सोपटाची टोकं लोंबत होती, वाळून कडक झालेली.

"गाठ," मी म्हणालो.

"कोनती?"

"वरची."

त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. मग स्वतःशीच बोलले, "मनी गाठ सुटनी."

ते वाक्य हवेत होतं तेवढा वेळ मला मिळाला होता. मी गप्प बसलो.

पुढचं सगळं इतक्या वेगात झालं की त्या वेगाचंच मी नंतर कितीतरी वर्षं पांघरूण केलं. नानांनी सांगितलं, शिडी खाली ओढ, पायऱ्या सोड, त्या पायाला बांध. मी शिडी पाडली. सोपटाचे दोन्ही तुकडे धुराच्या पेंडीत टाकले. त्यांनी भपकन पेट घेतला. मग खालच्या पायऱ्यांचा सोडलेला पळसाचा वाक घेऊन दोन पायऱ्यांमध्ये पाय धरून बांधला, वर एक गाठ, खाली एक, मध्ये मोडलं होतं तिथे मोकळं, जसं त्यांनी दात आवळून सांगितलं तसं. घामाने माझे हात निसटत होते. बांधून झाल्यावर त्यांनी ती गाठ चाचपली, ओढून बघितली आणि म्हणाले, "तुनी गाठ चांगली शे. मनीच सुटनी."

मी उठून पळालो. त्यांनी वाट सांगितली होती: नाला सोडू नको, दोन नाले मिळतात तिथे उजवा धर, वाळकं सागाचं खोड दिसलं की वर चढ. मी धावत होतो. काटे टोचत होते, कळत नव्हते. वाळूत पाय कुठे रुततो आणि कुठे नाही, हे मला दिसत होतं. ओला धोंडा, सैल धोंडा, सगळं लांबूनच ओळखू येत होतं. जी वाट चालायला आम्हाला तास लागायचा, ती मी निम्म्या वेळात जवळजवळ संपवली. आणि लाज वाटते, पण आता झाकायचं कशाला, मला त्या धावण्यात आनंद होत होता. कुणाचा पाय मोडलाय, माझ्यामुळे मोडलाय, आणि माझी छाती आनंदाने फुटायला आली होती, की मला जमतंय, मी जंगलात एकटा धावतोय आणि चुकत नाही.

वाटेतच नानांचा भाऊ भेटला. तो मागे फिरून पाड्यावर गेला, दोन माणसं घेऊन आला. बांबूची डोली केली, माझी चादर तिच्यात बांधली. नाना आडवे पडून हुकूम सोडत होते, "हाऊ बांबू वल्ला शे, तो ले. मी काय नवरी शे का, इतलं हळू चालतस?" चार तास आळीपाळीने खांदा देत सडकेवर आलो. शिरपूरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. दवाखान्याच्या पायरीवर भावाने मला विचारलं, "पायरी कोनी बांधेल व्हती?"

मी उत्तर देण्याआधी आतून नानांचा आवाज आला, "मीच रे. आखो कोन?"

घरी आलो ते शूर होऊन. गावात, कॉलेजात, पुढे लग्नकार्यात, मी नानांना कसं वाचवलं ही गोष्ट मागून मागून सांगायला लावायचे लोक. मुखदुर्बळ माणसाला एकच गोष्ट सांगता यायची, आणि ती ही. त्या गोष्टीत शिडी आपोआप सुटायची.

पुढच्या हंगामात घड कापायला नाना आले नाहीत. भाऊ आला. पाय कसा आहे, विचारलं. म्हणाला, पाय वाकडा जुळला, पण चालतो. "पायनं काही नही. हात गया त्याना."

"हाताला काय झालं?"

"काही नही झायं. पन गाठ मारत नही आते. मी सांगं त्याले, तुना हात आते पहिलासारखा ऱ्हायना नही भाऊ, तू खाले बस. तवयपाईन बसेल शे. खाटनी दोरी बी अक्का बांधस. पोरे शिकाले येत, त्यासले वापस धाडस. सांगस, मना हात खोटा शे."

हे मी ऐकलं आणि त्याला चहा दिला. दर वर्षी तो यायचा, दर वर्षी मी विचारायचो, दर वर्षी तेच. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी मनात शेकडो वेळा बोललो असेन. मग स्वतःला समजवायचो, कशावरून सोपटच? लोंबकळून बघितलं होतं मी. कदाचित बांबूच घसरला असेल. कदाचित त्यांचा पाय.

हा कदाचित आठ वर्षं टिकला. नव्वदीच्या मधल्या एका मे महिन्यात आमच्या विहिरीची मोटार जळाली. दुरुस्ती लांबली, पंधरा-सोळा दिवस बागेला पाणी नाही. बागेत आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायाखाली भेगा आल्या. सतराव्या दिवशी सकाळी गेलो तर आधाराचे बांबू खाली पडलेले, घड जमिनीला टेकलेले. वारा नव्हता. मी एक गाठ हातात घेतली. सोपट आक्रसलं होतं, गाठीत बोट जाईल इतकी फट, आणि वाकवलं तर पापडासारखं मोडलं.

आमच्या बागेत सोपट कधीच सुटत नाही, कारण आमच्या बागेत ते कधी वाळतच नाही. डोंगरातल्या एप्रिलमध्ये, उघड्या झाडावर, एका दुपारीत आणि एका सकाळीत ते वाळलं होतं. जंगलातल्या माणसाने ही चूक केली नसती. कापसाच्या शेतकऱ्यानेही केली नसती. ती केळीवाल्यानेच करावी.

त्याच दुपारी एसटीत बसलो. बायकोला म्हणालो, मोटारीचा सुटा भाग आणायला जातो. चोपडा, शिरपूर, पुढे जीप. रात्र सडकेवरच्या चहाच्या टपरीत काढली आणि उजाडताच डोंगर चढायला लागलो. आठ वर्षांत माझं पोट सुटलं होतं, धाप लागत होती, पण नाला आला तेव्हा पाय आपोआप वेगाने पडायला लागले. मी मोठ्याने पाठ करत होतो: नाना, त्या पायऱ्या तुमच्या नव्हत्या. नाना, त्या पायऱ्या तुमच्या नव्हत्या.

नाना अंगणात बसून टोपलीत चारोळी निवडत होते. केस पांढरे. मला ओळखलं, हसले, "आरे, केळीनं पान! फाटनं नही आजून?"

मी उभ्यानेच सांगितलं. चढलो, वाक तुटला, सोपट बांधलं, माती चोळली, पेंडीत जाळलं. एका दमात. सांगताना आवाज फार मोठा येत होता.

नानांचे हात टोपलीत थांबले. मग म्हणाले, "आखो एक डाव सांग."

पुन्हा सांगितलं. त्यांनी अक्काला हाक मारली, भावाला हाक मारली. दोघं आल्यावर मला म्हणाले, "आते यासले सांग."

तिसऱ्यांदा सांगणं सगळ्यात कठीण गेलं. अक्का ऐकता ऐकता खाली बसली. मग उठली ती माझ्या अंगावरच आली. "आठ वरीस! मना घरना मानूस आठ वरीस आपला हात देखत बसे. तुले तोंड नही व्हतं का रे? आमनी भाकर खादी तू!" मी मान खाली घातली. नानांनी तिला थांबवलं नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं. ते असं काही म्हणाले नाहीत.

ते म्हणाले, "किती लोकेसले सांगी तू ती गोष्ट? मनी गाठ सुटनी ते?"

"खूप, नाना. मोजता येणार नाही."

"मंग तितला लोकेसले हाई सांग. बठ्ठासले." आणि टोपली बाजूला सरकवून काठी टेकत झोपडीत गेले. दार नव्हतं, पण त्यांनी पाठ केली ती दाराइतकीच होती.

तेव्हा मी हो म्हणालो आणि घरी येऊन कुणालाच सांगितलं नाही. लग्नकार्यात ती गोष्ट सांगणं बंद केलं, एवढंच. आता पन्नाशी ओलांडल्यावर लिहितो आहे. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून नानांच्या सुटलेल्या गाठीची गोष्ट ऐकली, त्यांनी कृपा करून ती दुरुस्त करून घ्यावी. वरच्या दोन पायऱ्या मी बांधल्या होत्या.

त्या दिवशी मला सडकेपर्यंत पोचवायला नानांचा भाऊ आला. येऊ नको म्हटलं तरी आला, पाहुण्याला एकटं सोडत नाहीत म्हणून. पुढे तो, मागे मी. माझ्या अंगातून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, पाय हलके पडत होते आणि त्या हलकेपणाचीच मला शरम वाटत होती. दोन नाले मिळतात तिथे तो थांबला.

"मी बसाडं त्याले खाले," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "बठ्ठासना देखत सांगं, तुना हात गया म्हनीसन. मोठा भाऊ शे मना."

त्याने सडकेच्या दिशेने बोट दाखवलं आणि वळला. आधी चालत, मग भरभर, मग धोतर खोचून तो वाळूतून पाड्याकडे धावायला लागला. मी तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.